बिचारा हासे आणि प्रशियाचा राजा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला मोत्झार्टवरचा लेख आवडला पण त्यात योहान अडॉल्फ हासे या जर्मन संगीतकाराला जो एका वाक्यात गुंडाळलाय ते काही पटलं नाही. पंधरा वर्षांच्या मोत्झार्टने मिलानमध्ये म्हाताऱ्याला धूळ चारली, बस, विषय संपला. अहो 1771 मध्ये हासे बहात्तर वर्षांचा होता, संधिवाताने बेजार, आणि राजघराण्यातल्या एका लग्नासाठी फर्माईश आली म्हणून त्याने 'रुज्जेरो' हा ऑपेरा (म्हणजे गाण्यांतून सांगितलेलं नाटक) लिहून दिला. तो ऑपेरा पडला हे खरंय, दुसऱ्याच दिवशी मोत्झार्टचं 'अस्कानियो इन आल्बा' गाजलं हेही खरंय. पण याच हासेने 1769 मध्ये व्हेनिसच्या आपल्या मित्राला पत्र लिहून या पोराचं तोंड भरून कौतुक केलं होतं, ते लेखात कुठेच नाही.

मुळात हा माणूस त्या काळात केवढा मोठा होता हे तरी सांगायचं! जन्म 1699 चा, हॅम्बुर्गजवळच्या बर्गेडॉर्फचा, सुरुवातीला ऑपेरात टेनर (उंच पट्टीचा पुरुष आवाज) म्हणून गायचा, मग नेपल्सला जाऊन अलेस्सांद्रो स्कार्लात्ती या संगीतकाराकडे शिकला आणि इटालियनांपेक्षा चांगला इटालियन ऑपेरा लिहायला लागला. 1730 मध्ये व्हेनिसला त्याचा 'आर्तासेर्से' हा ऑपेरा झाला, त्यात त्या काळचा प्रसिद्ध गायक फारिनेल्ली गायला. पुढे हाच फारिनेल्ली स्पेनच्या उदास राजाला रोज रात्री ठरावीक गाणी गाऊन दाखवायचा म्हणतात, त्यातली दोन या 'आर्तासेर्से'मधली. त्याच वर्षी हासेने फाउस्तिना बोर्दोनीशी लग्न केलं. ती म्हणजे युरोपातली टॉपची गायिका, लंडनमध्ये संगीतकार हँडेलच्या कंपनीत गाजवून आलेली, एकाच सुरावर भराभर टाळ्या मारल्यासारखे ठोके देत गायची ही तिची खासियत. 1731 मध्ये दोघं ड्रेस्डेनला सॅक्सनी या जर्मन राज्याच्या दरबारात आले, हासेचा 'क्लेओफिदे' हा ऑपेरा झाला, आणि पुढची तीसेक वर्षं तो दरबार म्हणजे हासे असंच समीकरण झालं. तिथे पैशाला तोटा नव्हता, 1755 च्या 'एत्सिओ'मध्ये तर स्टेजवर शेकडो माणसं, घोडे आणि उंटसुद्धा होते. थोर संगीतकार बाखसुद्धा आपल्या थोरल्या मुलाला म्हणायचा म्हणे, चल, ड्रेस्डेनची गोड गाणी ऐकून येऊ. त्यात थोडा टोमणा असेल पण जायचा ना!

आता मला जे सांगायचंय ते प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाबद्दल, कारण हासेची खरी गोष्ट तिथे आहे. हा राजा स्वतः बासरी वाजवायचा आणि हासेचा पक्का चाहता. डिसेंबर 1745 मध्ये त्याने सॅक्सनीचा पराभव करून ड्रेस्डेन घेतलं आणि लगेच फर्माईश काय, तर हासेचा 'आर्मिनिओ' ऑपेरा ऐकायचाय. ऐकला, खूश झाला, हासेला हिऱ्याची अंगठी दिली. इतकंच नाही, 'क्लेओफिदे'मधल्या 'दिली क्यो सोन फेदेले' या गाण्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने ताना लिहून काढल्या, एका गायकाला गाता याव्यात म्हणून. म्हणजे शौकीन किती बघा. तेव्हाच्या गाण्यात पहिला भाग शेवटी परत यायचा आणि तेव्हा गायकाने तो सजवून गायचा असे, म्हणून हासे मुद्दाम जागा मोकळ्या ठेवून लिहायचा. नुसता कागद बघून आज लोक म्हणतात फार साधं आहे, तर ते यामुळे.

आणि पुढच्या युद्धात याच राजाच्या तोफांनी जुलै 1760 मध्ये ड्रेस्डेन भाजून काढलं. त्यात हासेचं घर गेलं आणि सगळ्या रचना एकत्र छापायच्या म्हणून तयार करून ठेवलेली हस्तलिखितं जळाली, असं त्याने पुढे 1772 मध्ये व्हिएन्नात चार्ल्स बर्नी नावाच्या इंग्रज लेखकाला सांगितलं. सॅक्सनीचा दरबार तर आधीच वॉर्सॉला पळालेला. युद्ध संपलं 1763 मध्ये, त्याच वर्षी हासेचा सॅक्सनीतला आश्रयदाता राजा गेला, पाठोपाठ अडीच महिन्यांत गादीवर आलेला मुलगाही गेला, तिजोरीत खडखडाट, मग ऑपेरा बंद आणि या नवराबायकोला निरोप. इतकी वर्षं सेवा करून पेन्शन नाही! त्यानंतर व्हिएन्ना, मग व्हेनिस, 1781 मध्ये फाउस्तिना गेली, 1783 मध्ये तो. हे सगळं सोडून एका पोराशी हरला एवढंच छापायचं म्हणजे अन्यायच आहे हो.

लेखकाला माझी विनंती, पुढच्या वेळी हासेवर वेगळं लिहा आणि सोबत ऐकायला काय ते पण सुचवा. विल्यम क्रिस्टीने केलेलं 'क्लेओफिदे'चं रेकॉर्डिंग आहे, अख्खं ऐकायला निवांत दिवस लागेल, पण नुसतं ते राजाने सजवलेलं गाणं ऐकलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक