'किरकोळ' कागदांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील दुर्मीळ ठेव्यांवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. सोनेरी वेलबुट्टीच्या पोथ्या, राजमुद्रा, नकाशे, सगळं आलं. शेवटी एक ओळ होती : 'याशिवाय काही किरकोळ कागदपत्रे'. माझी हरकत त्या 'किरकोळ'ला आहे. मी ३४ वर्षं हिशेबनीस होतो. खतावणीत 'किरकोळ खर्च' असं एक खातं असतं आणि माणसं भेटतात ती त्याच खात्यात. कुणाची हमाली, कुणाची उचल, कुणी फोडलेली काच.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाचंच बघा. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगमधून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून, सॉलोमन शेख्टर या अभ्यासकांनी १८९७च्या सुमारास आणलेले हस्तलिखितांचे सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे तिथे आहेत. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून तो एका खोलीत टाकायचा, असा ज्यू लोकांचा प्रघात. पत्रं देवाच्या नावानेच सुरू व्हायची, तेव्हा पत्रं, करारमदार, कर्जरोखे, याद्या, पोरांनी गिरवलेली अक्षरंसुद्धा त्या खोलीत गेली. इतिहास जपावा असा कुणाचा विचार नव्हता. रद्दीच होती ती, फक्त विकली गेली नाही.

त्या रद्दीत मला माझा एक व्यवसायबंधू सापडला. अब्राहम बेन यिजू, ट्युनिशियातल्या महदियाचा व्यापारी. बाराव्या शतकात सुमारे १७ वर्षं तो आपल्या मंगळूरला होता. मिरी, सुपारी, लोखंड येमेनमधल्या एडन बंदरात पाठवायचा. पितळी भांड्यांचा कारखानाही होता. एडनचे मित्र मोडीचं तांबं पाठवायचे आणि अमक्या मापाचा दिवा, तमक्या वजनाचं भांडं हवं असं लिहायचे. मोड घालून नवं घेणं, दुसरं काय! मंगळूरला त्याला हवा तसा कागद मिळत नसे, तोही एडनहून यायचा. म्हणून हा गृहस्थ आलेल्या पत्रांच्या पाठीवर, समासात, ओळींमधल्या जागेतही हिशेब लिही. मीही पाकिटं उसवून आतल्या बाजूला बेरजा केल्या आहेत, त्यामुळे हे वाचून हसू आलं.

पण मला खरं ओढून घेतलं ते त्याच्या नोकराने. तसा तो गुलाम. मालकाचा माल घेऊन एकटा एडनला जायचा, व्यवहार करायचा. एकदा दारू पिऊन पैसे मागायला आला, अशी तिथल्या व्यापाऱ्याची तक्रार आहे. आणि तरीही तिकडून येणाऱ्या पत्रांत त्याला वेगळा सलाम असे. त्याचं नाव नुसत्या व्यंजनांत लिहिलेलं असल्याने बामा की बोम्मा यावर अभ्यासकांचा अजून वाद आहे. नाव धड वाचता येत नाही, पण स्वभाव कळतो.

अशू नावाच्या बाईचं मात्र तेवढंही नाही. १७ ऑक्टोबर १९३२ नव्हे, ११३२ रोजी (हिशेबनिसाने आकडा दोनदा तपासावा) बेन यिजूने मंगळूरला तिला दास्यातून मुक्त केल्याचा दस्त आहे. पुढे त्याने तिच्याशीच लग्न केलं असं अभ्यासक मानतात. पण मित्रांच्या एवढ्या पत्रांत तिला कुणाचा सलाम नाही. तो एक दस्त जळाला असता, तर ती नव्हतीच म्हणायची.

यातला कुठलाही कागद काचेच्या कपाटात ठेवण्याइतका देखणा नाही. डाग, कसर, फाटके काठ. यादी करणाऱ्याला कंटाळा येणं मी समजू शकतो. लेखकमहाशयांनी पुढच्या भागात त्या शेवटच्या ओळीतली एखादी पेटी उघडवून घ्यावी आणि आत काय निघालं ते छापावं, एवढीच विनंती. पोथ्यांचे फोटो कमी टाकले तरी चालतील.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस