मग सुरमईला आपल्यापेक्षा प्रगत म्हणायचं का?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जीनोम (म्हणजे एखाद्या जीवाच्या सगळ्या जीन्सचा अख्खा संच) डबल होण्यावरचा लेख वाचला, असा विषय घेतलात त्याबद्दल आधी थँक्यू. पण शेवटी जो सूर लावलाय की आपल्या पूर्वजांचा जीनोम दोनदा डबल झाला म्हणून माणूस सगळ्यात प्रगत, तो काही पटला नाही. मी ठाण्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, वर्गातली मुलं तेच कात्रण मोबाईलवर दाखवायला लागली म्हणून हे लिहितेय.

डबल झाला हे खरंच आहे. 1970 मध्ये जेनेटिक्सचे शास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा अख्खा जीनोम वाचायची सोयसुद्धा नव्हती, म्हणजे त्या माणसाच्या डोक्याला सलामच. त्यांचं म्हणणं असं की जीनची एकच कॉपी असेल तर तिला हात लावता येत नाही, बिघडली की जीव गेला, पण दोन असल्या तर एक जुनं काम सांभाळते आणि दुसरी बदलायला मोकळी. पुरावा पुढे आला. अ‍ॅम्फिऑक्सस नावाचा वाळूत राहणारा, पाठीचा कणा नसलेला छोटा प्राणी आहे, त्याचा जीनोम 2008 ला छापून आला आणि त्याच्या एकेका तुकड्याशी जुळणारे आपल्यात चार-चार तुकडे सापडले. शरीराचा पुढचा-मागचा भाग ठरवणाऱ्या हॉक्स जीन्सचा त्याच्याकडे एकच गट, आपल्याकडे चार, 2, 7, 12 आणि 17 नंबरच्या क्रोमोसोमवर (पेशीतले जीन्स वाहणारे धागे). हे सगळं साधारण 50 कोटी वर्षांपूर्वीचं. पहिलं डबलिंग सगळ्या कण्यावाल्यांच्या पूर्वजात, दुसरं फक्त जबडेवाल्यांच्या शाखेत, 2024 मध्ये हॅगफिश या बिनजबड्याच्या, माशासारख्या प्राण्याचा जीनोम आला त्यातूनही हेच दिसतं.

आता गंमत बघा. दोनदा डबल म्हणजे आपल्याकडे चौपट जीन्स पाहिजेत ना? नाहीयेत. आपल्याकडे वीस हजारांच्या आसपास, त्या अ‍ॅम्फिऑक्ससकडेही जवळपास तेवढ्याच! बहुतेक जादा कॉप्या गळून गेल्या. टिकल्या त्यात ज्यांचं प्रमाण सांभाळावं लागतं अशा बऱ्याच. आमटीत सगळंच डबल घातलं तर आमटी जास्त होते, नुसतं मीठ डबल केलं तर ती तोंडात घालवत नाही, तसंच हे. 21 नंबरचा एकच क्रोमोसोम जादा आला की डाउन सिंड्रोम होतो आणि अख्खा जीनोम डबल होऊनही प्राणी जगले, ते का, हे मुलांना असं सांगितलं की पटकन कळतं. तुमच्या लेखात नेमकं हेच सुटलंय, आणि माझ्या मते विषयाचा जीव इथेच आहे.

आणि डबल होण्यावरच प्रगती मोजायची तर ठाण्याच्या मासळी बाजारात एक चक्कर मारा. सुरमई, बांगडा, पापलेट, बोंबील या सगळ्यांच्या पूर्वजात तीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा डबलिंग झालं, म्हणजे ताटातला बांगडा आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे. बाजूच्याच पाटीत पडलेली मोरी मात्र त्यात नाही, ती शार्क, तिच्याकडे आपल्यासारखी दोनच. सायप्रिनसचं (म्हणजे कॉमन कार्प माशाचं) तर चौथ्यांदा झालंय, त्याच्या नात्यातल्या रोहूला 50 क्रोमोसोम, सायप्रिनसला 100. अ‍ॅक्वेरियमवाल्याकडच्या गोल्डफिशलाही 100, आपल्याला 46. मग गोल्डफिश आपल्या दुप्पट हुशार का? जादा कॉप्यांमुळे बदलायला वाव मिळतो, पण पुढे काय होणार ते त्या कॉप्या ठरवत नाहीत, आणि डबलिंगनंतर नवीन अवयव लगेच उगवले असंही काही नाही.

अजून एक. आमच्या मुलांना पॉलिप्लॉइडी (क्रोमोसोमचे दोनापेक्षा जास्त संच असणं) म्हटलं की गहू आणि केळं एवढंच आठवतं, परीक्षेत तेच लिहितात, प्राण्यांत असं होतच नाही असं त्यांना वाटतं. तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्तीची एक चौकट टाका, सोबत कोणत्या शाखेत कितव्यांदा डबलिंग झालं त्याचं साधं झाडासारखं चित्र द्या. आणि प्लीज त्या झाडाच्या टोकाला माणूस काढू नका, त्याला मोरी, बांगडा, सायप्रिनस यांच्याच ओळीत कुठेतरी मध्ये बसवा.

एक बायोलॉजी टीचर,
पाचपाखाडी, ठाणे (प.)