शिपायाचे रोजचे जिणेही लिहिले जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील युद्धकथांची लेखमाला मी नियमित वाचतो. तीत सेनापती, डावपेच आणि शौर्यपदके यांची माहिती तपशिलाने येते. परंतु शिपाई काय खात होते, कुठे निजत होते, घरी काय कळवत होते, याचा मागमूसही नसतो. बेळगावात मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र, आहे आणि खानापूर-निपाणी पट्ट्यात पलटणीतला माणूस नाही असे गाव विरळाच, म्हणून ही उणीव अधिक खटकते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत-अल-अमारा येथे 147 दिवस तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. धान्य आटत चालल्यावर घोडे कापून मांस वाटले जाऊ लागले, तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी, धर्म बुडेल आणि परतल्यावर गावात पंगतीला कोणी घेणार नाही या भीतीने, ते नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवली गेली, तरीही अनेकांनी ते तोंडाला लावले ते एप्रिल 1916 मध्ये, उपासमारीने पुरते खंगल्यावर. महिना 11 रुपये पगाराचा तो शिपाई त्या मांसापुढे बसून काय विचार करत असेल, हे मला वेढ्याच्या नकाशापेक्षा महत्त्वाचे वाटते.

असल्या बारकाव्यांत काय ठेवले आहे, असे कोणी म्हणेल. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात मात्र दाणागवत बेताने वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, इतकेच नव्हे तर रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, अशीही ताकीद आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील विंडोलँडा या रोमन ठाण्यात तर मोजे, चपला आणि चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख असलेले सुमारे 1900 वर्षांपूर्वीचे पत्र सापडले, आणि तेही जपून ठेवले गेले. आपल्याकडील शिपायांची पोस्टकार्डे, पे-बुके (पगाराच्या नोंदवह्या) ट्रंकेत वाळवीच्या तोंडी जात आहेत, हा केवळ आळस आहे.

तरी पुरवणीतील पाव पान निवृत्त शिपायांच्या कथनाला द्यावे. लंगरातले जेवण, बुटांनी सोललेल्या टाचा, नामंजूर झालेली रजा, निरक्षर बायकोला पत्र कोण वाचून दाखवी, हे त्यांना विचारावे. आमच्या तालुक्यातील अशी कागदपत्रे आपल्या प्रतिनिधीस दाखवण्याची व्यवस्था मी करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर