पुरवणीतला रेडीमेड प्लॅन आणि आमचा उतार

मा. संपादक, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'हजार स्क्वेअर फुटात टू बीएचके' टाईपचे प्लॅन येतात ना, त्यातला एक मी कापून दोन वर्षं जपून ठेवला होता, संगमेश्वर तालुक्यात गावी घर बांधायचं होतं म्हणून. तो घेऊन आर्किटेक्ट बाईंकडे गेलो तर त्यांनी बघितला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, तुमच्या आई मे महिन्यात दुपारी कुठे आडव्या होतात? म्हटलं ओटीवर, तिथे वारा लागतो. मग ह्या प्लॅनमध्ये ओटी कुठाय? नव्हतीच. सिटआउट होतं पाच बाय चारचं, त्यात चपला मावल्या असत्या.

पुढचे तीन महिने बाईंनी एक रेघ मारली नाही. आधी मेमध्ये भर दुपारी साईटवर आल्या, मग जुलैत छत्री घेऊन परत, पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते बघत चिखलात फिरल्या. खरं सांगतो, मला वाटलं फी कशाची देतोय आपण, कारण कॉन्ट्रॅक्टर तर प्लॅन फुकट काढून देत होता (फुकट म्हणजे सिमेंट-सळईत वसूल, ते नंतर कळलं). सहा गुंठ्यांचा प्लॉट, वरच्या गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) खालपर्यंत सात फुटांचा उतार. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला जेसीबी लावून एक लेव्हल करू. बाई म्हणाल्या भरावाची माती काही पावसाळे बसतच राहते, त्यावर जोतं टेकवलं की भिंतींना तडे येणार, त्यापेक्षा घरच दोन लेव्हलला करू. वर आईची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, ओटी सगळं सपाट, आणि तीन पायऱ्या उतरून आमच्या दोन खोल्या.

आमच्याकडे सव्वाशे इंचाच्या वर पाऊस पडतो. बाईंनी कागदावर हिशोब करून दाखवला, हजार फुटाच्या छपरावर सीझनला पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं, आता सांगा ते फ्लॅट स्लॅबवर खेळवायचं का उतरतं कौलारू छप्पर करून लगेच खाली सोडायचं. आणि पुरवणीतल्या प्लॅनला पश्चिमेला ही एवढी मोठी काच! दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते छज्जाने अडतं, पण संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन आडवं घरात घुसतं, त्याला छज्जा काय करणार. पावसाची झडही तिकडूनच, आणि गंमत म्हणजे वाराही तिकडूनच, म्हणजे भिंत घालून बंद पण करता येत नाही. आमच्या जुन्या घराला म्हणूनच पश्चिमेला पडवी होती आणि पावसाळ्याआधी आजोबा तिला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे.

हे काही कोकणापुरतं नाही. मुंबईत पेडर रोडला चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा बिल्डिंग आहे, १९८३ची, तिच्या कोपऱ्यांना दोन दोन मजले उंचीच्या मोकळ्या गच्च्या दिसतात. कारण हेच, समुद्र आणि वारा पश्चिमेला, ऊन-पाऊसही पश्चिमेलाच, म्हणून जुन्या बंगल्यांचा व्हरांडा त्यांनी टॉवरमध्ये घेतला. एवढ्या उंच बिल्डिंगला पडवी सुचते आणि आमच्या गावात नवीन बंगल्यांना काचा लागतायत, आणि मग दोन पावसाळ्यांनी त्यावर पत्र्याची शेड.

वास्तूचं पण सांगतो, आईचा आग्रह होता किचन आग्नेयेलाच पाहिजे. मला वाटलं बाई नाक मुरडतील, तर त्या म्हणाल्या चांगलंच आहे, सकाळचं ऊन मिळेल आणि पश्चिमेच्या वाऱ्याने फोडणीचा धूर घराबाहेर जाईल.

तर विनंती एवढीच की प्लॅन छापा, पण सोबत तो कुठल्या गावासाठी, तिथे पाऊस किती, जमीन सपाट का उताराची, हे दोन ओळीत द्या. तुमच्या गेल्या महिन्यातल्या प्लॅनशेजारी वास्तू टिप्सची मोठी चौकट होती आणि प्लॅनवर उत्तरेचा बाणच नव्हता, मग वाचकाने आग्नेय शोधायची कुठे?

घर मागच्या डिसेंबरात झालं. आई ओटीवर झोपते. तीन पायऱ्या मात्र माझ्याच गुडघ्याला जड जायला लागल्यात, बाईंनी सगळ्यांच्या सवयी विचारल्या होत्या, माझं वय मीच सांगितलं नव्हतं नीट.

— एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी