धर्माचा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आईने कापून ठेवलाय. त्याचा फोटो तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), विमा, सगळं नीट लिहिलंय. मी अडले ती एकाच वाक्यापाशी. जर्मनीत पत्त्याची नोंदणी करताना धर्माचा रकाना कोरा सोडावा, म्हणजे कर वाचतो, असा सल्ला त्यात आहे.

आधी हिशेब सांगते. तिथला चर्चचा कर पगारावर नसतो, प्राप्तिकरावर असतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. सरकार तो चर्चच्या वतीने वसूल करून देतं, आणि याची घटनात्मक सोय १९१९ पासूनची आहे. २०२५ साली वर्षाला १२,०९६ युरोपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकरच नव्हता. कॉलेज सांभाळून हॉटेलात भांडी घासणाऱ्या मुलाला शून्याचे ९ टक्के भरावे लागतील, म्हणजे शून्य. शिवाय हिंदू किंवा मुसलमान मुलाने त्या रकान्यात आपला धर्म लिहिला तरी त्याला हा कर नाहीच. म्हणजे लेखकाच्या लक्षात आलं नसेल, पण सल्ला पोहोचतो तो फक्त आमच्यासारख्या ख्रिस्त्यांपर्यंत.

मी राहुरीची. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केम्निट्झला एम.एस.साठी गेले. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये १०,३३२ युरो दाखवायचे होते, ते कर्ज काढून दाखवले. घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. बरोबर पुण्याचा एक सीनियर आला होता. त्यानेही हेच सांगितलं, "ते रिलिजनचं सोडून दे, नसती भानगड." समोरच्या बाईंनी पेन वर धरून विचारलं, "एव्हांगेलिश?" म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती का. मला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की त्यांना वाटलं, मला जर्मन कळलं नाही.

मला तेव्हा पप्पांचा शाळेचा दाखला आठवत होता.

आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती. पप्पा आणि माझे चुलत काका एका वयाचे, एका वर्गातले, रविवारी एकाच बाकावर बसणारे. काकांच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' आहे, पप्पांच्या दाखल्यावर 'ख्रिस्ती'. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. काकांना शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृह मिळालं, पुढे सरकारी नोकरी. पप्पा बारावीनंतर साखर कारखान्यात काट्यावर बसले. गावाने दोघांनाही एकाच महारवाड्यातले म्हणून ओळखलं, विहिरीवर दोघांनाही एकच वागणूक होती, फरक फक्त कागदाला दिसला. काकांना मी दोष देत नाही. घरात चार लेकरं होती आणि दाखला त्यांच्या वडिलांनी लिहून घेतला होता. पण काका नाताळच्या भजनाला पेटी वाजवत असले तर फोटो काढू नका म्हणून आधीच सांगायचे, हे मी लहानपणापासून पाहिलंय. (याच कारणाने खाली माझं नाव नाही.)

तर मी म्हटलं, "हो. एव्हांगेलिश." बाईंनी टाइप केलं. सीनियरने बाहेर आल्यावर मला मूर्ख म्हटलं.

केम्निट्झ म्हणजे १९५३ ते १९९० पर्यंतचं कार्ल-मार्क्स-श्टाट. शहराच्या मध्यभागी मार्क्सचं नुसतं डोकं आहे, सात मीटर उंच. त्याच्यासमोरून चालत जाऊन पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये पोहोचले. चारपाचशे माणसं बसतील एवढं मंदिर, आणि आम्ही एकोणीस. मी मोजले. राहुरीला एखाद्याच्या घरच्या प्रार्थनेला याहून जास्त गर्दी असते. ना पेटी, ना तबला, ना टाळ. ऑर्गन एवढा मोठा की एकोणीस जणांचं गाणं त्यात बुडून जायचं. उपासना संपली की सगळे हात मिळवून निघून जायचे. चहा नाही, "सलाम, बरे आहात ना" नाही. पहिले दोन महिने मी खोलीवर येऊन रडायचे, हेही लिहून टाकते.

आणि खोलीवर काय, तर मैत्रिणी म्हणायच्या, "तुझं बरंय बाई, तू आपल्या लोकांत आलीस." गणपतीत मला आरती तोंडपाठ येते बघून त्याच चकित व्हायच्या. अहो, जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा दिवस आरती म्हणणारी मुलगी विसरेल कशी? तिथल्या मल्याळी नर्स मुलींना सांगितलं की मी मराठी ख्रिस्ती, की त्या विचारायच्या, "गोव्याची का?" जर्मन लोक विचारायचे, "तू कधी ख्रिस्ती झालीस?"

हाच प्रश्न माझ्या बाकावर बसणाऱ्या आजींनीही विचारला. वय ८२. गीतांचे नंबर भिंतीवरच्या पाटीवर लावलेले असतात, ते मला वाचून दाखवायच्या आणि पुस्तकात बोट ठेवून ओळ धरून द्यायच्या. मी सांगितलं, अमेरिकन मिशन आमच्या नगरला १८३१ मध्ये आलं. तुमच्या शहराचं नाव बदललं तसं आता आमच्याही जिल्ह्याचं बदललंय, पण आम्ही घरात अजून नगरच म्हणतो. त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही उलट करायचो, सरकारने नवं नाव दिलं तरी घरात केम्निट्झच म्हणायचो.

मग एकदा त्यांनी स्वतःचं सांगितलं. पूर्व जर्मनीत चौदाव्या वर्षी मुलांना सरकारी दीक्षा घ्यावी लागे, राज्याशी निष्ठेची शपथ. आजींच्या वडिलांनी ती घेऊ दिली नाही, चर्चमध्ये दृढीकरण (श्रद्धा जाहीर कबूल करण्याचा विधी) केलं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. वरच्या शाळेत प्रवेश नाकारला गेला. मग चर्चच्या दवाखान्यात नर्स म्हणून चाळीस वर्षं काढली. हे सांगताना आवाज जराही चढला नाही, हातातल्या मोज्याची विणही चालूच होती. मी त्यांना पप्पांच्या दाखल्याचं सांगितलं. 'काट्यावर बसणं' म्हणजे काय ते मोडक्या जर्मनमध्ये समजावताना उसाच्या बैलगाड्या हातवारे करून दाखवाव्या लागल्या. त्यांना नीट समजलं. त्यांनी एकच विचारलं, "वडिलांना पश्चात्ताप होतो का?" मी म्हटलं, विचारलं नाही कधी.

त्या नाताळला होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात आम्ही चौघींनी करंज्या केल्या, दोघी पुण्याच्या, एक नाशिकची आणि मी. खोबरं वाण्याकडे सुकंच मिळालं, चार करंज्या तेलात फुटल्या. मी डबा भरून आजींकडे नेला. त्यांच्या खिडकीत कागदाचा तारा लावलेला होता. त्याच राज्यातल्या, म्हणजे सॅक्सनीतल्या, हर्नहूट गावात हे तारे बनतात, आणि चर्चचं तोंड न पाहणाराही तिथे तो लावतो. आमच्या अंगणात बांबूच्या कामट्यांचा तारा टांगतात, तो मला तिथे दिसला आणि पुढचे काही दिवस बरे गेले.

लेखाच्या पुढच्या आवृत्तीत ते वाक्य दुरुस्त करावं, एवढी विनंती. ज्याला कोरा सोडायचाय त्याने खुशाल सोडावा, पण विद्यार्थ्याचे पैसे वाचतात म्हणून नको.

शिक्षण संपून यंदा मला तिथेच नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर चर्चच्या कराची ओळ होती, पन्नासेक युरोंची. तिचा फोटो पप्पांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला.

"ही ओळ कसली गं?"

सांगितलं.

"महागात पडलं की तुला."

म्हटलं, "तुमच्यापेक्षा स्वस्तात, पप्पा."

— एक वाचक,
राहुरी (सध्या केम्निट्झ, जर्मनी)