झाकण उघडलं

सांगली, रविवार

प्रिय पद्या,

आपली मेण लावून बंद केलेली, पाण्याची आणि जीवजंतूंची बरणी उघडली. मीच. पूर्ण शुद्धीवर असताना. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर तब्येतपाण्यात दोन पानं घालवीन आणि मुद्दा राहील. तब्येत बरी, शुगर काठावर, गुडघा तसाच. तुझे तीन फोन उचलले नाहीत ते यामुळंच. तू पहिलं त्यातल्या गोगलगायीचं, आपल्या सरपंचाचं, विचारलं असतंस आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुला नववीपासून माहीत आहे.

झालं काय, गणपतीपासून शेजारी बांधकाम सुरू आहे. तीन मजले चढले आणि आमच्या स्वयंपाकघरातला उजेड गेला. माणसाला ट्यूब लावता येते. बरणीतली पाणवनस्पती, हायड्रिला, आधी फिकी पडली, मग पानं गळून तळाशी बसायला लागली. पुढचं तुला सांगायला नको. उजेड नाही म्हणून नवा ऑक्सिजन नाही, आणि कुजणारी पानं होता तोही खाणार. गाळ काचेकडून काळा पडत चांगला दोन बोटं वर आला. भिंगातून बघितलं तर पाण्यातल्या पिसवा तांबूस. मला आधी वाटलं, काय देखण्या झाल्यात! बायकोला बोलावून दाखवलंसुद्धा. मग लक्षात आलं, ऑक्सिजन कमी पडला की त्या अंगातलं हिमोग्लोबिन वाढवतात, म्हणून तो रंग. म्हणजे मी बायकोला कौतुकानं दाखवत होतो त्या गुदमरत होत्या.

सरपंच काच चढून पाण्याच्या काठाला येऊन बसला. फुप्फुसवाली जात, वरची हवा घ्यायला येते हे कळतं मला. पण एरवी घेऊन खाली जायचा, आता दिवसभर तिथंच. मी बरणी पुढच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी नेली. तेवढं करून गप्प बसायला हवं होतं. पण रात्री हायड्रिलासुद्धा ऑक्सिजन ओढणारच की. अडीचला उठलो, सुरीनं मेण खरवडलं आणि झाकण फिरवलं. असला सडक्या अंड्याचा भपकारा आला की बायको आतून ओरडली, "गॅस बघा आधी!"

मेण तू लावलं होतंस. २०२१ चा पूर उतरल्यावर तू पुण्याहून फिनेलचे कॅन घेऊन आलास, तीन दिवस जिन्यातला गाळ खराट्यानं लोटलास आणि जाताना त्यातलाच मूठभर लोणच्याच्या बरणीत घातलास. आई म्हणाली होती, "आत्ता कुठं बाहेर काढला, तो परत घरात?" आणि तरी झाकण धरायला तीच पुढं आली. आतली हवा तेव्हाची होती रे. पिसवांच्या आणि हायड्रिलाच्या अंगातून किती वेळा फिरली असेल, पण बाहेरची आत आली नव्हती. हे मला झाकण फिरवल्यावर सुचलं. आधी सुचलं असतं तर उघडली असती का, माहीत नाही. घरात कुणाला हे बोललो नाही.

आता भडंगाचं. या बरणीच्या आधीच्या आपल्या हॉर्लिक्सच्या बाटलीत, काळ्या खणीच्या तळ्यातल्या पाण्यात, लसणाची फोडणी दिलेलं भडंग टाकणारा माणूस म्हणून मी तुला तीस वर्षं खुनी म्हटलं. तुझ्या लग्नातही, सासऱ्यांसमोर. "गोगलगाय उपाशी दिसत होती," एवढंच तू म्हणायचास आणि मी हसायचो. तेलाचा तवंग, दुसऱ्या दिवशी दुधासारखं पाणी, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. ते माफ नाहीच. पण इथून पुढं सासऱ्यांसमोर काढणार नाही.

माझ्या बाजूनंही एक आहे. अ‍ॅरिझोनात १९९१ साली काचेच्या बंद घरात आठ माणसं राहायला गेली होती, आठवतं? तिथंही माती जास्त कसदार निघाली, तिच्यातल्या जंतूंनी ऑक्सिजन खाल्ला. २०.९ टक्क्यांवरचा १४.५ वर आला. शेवटी १९९३ च्या जानेवारीत बाहेरून सोडावा लागला. एवढा पैसा ओतून त्यांनी बाहेरचा ऑक्सिजन घेतला, तर मी लोणच्याची बरणी उघडली म्हणून काय बिघडलं? (बिघडलं. कळतंय.)

सईची अ‍ॅडमिशन झाली का? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असणार, नाहीतर तू कळवलं असतंस. दादाशी भांडण मिटव आता.

आज सकाळी सरपंच खाली उतरला. काळ्या गाळावरून हळूहळू फिरला, एक गळलेलं पान खरवडत बसला. पिसवा अजून तांबूसच आहेत. झाकण ओट्यावर धुऊन पालथं घातलंय. परत लावायचं तर तू ये. आणि आल्यावर हेही ठरव, की बरणीचं वय २०२१ पासून धरायचं की आता शून्यापासून.

तुझा,
बाळ्या

ता. क. : भडंगाची दोन पाकिटं कुरिअरनं पाठवतोय. माणसांनी खायची.