‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दिला, सबब तक्रार निकाली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

विषय : जन्मतः डोळे न घडलेल्या बालकांची दखल घेण्याबाबत.

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. माझ्या अडीच वर्षांच्या मुलीविषयीची तक्रार गेल्या आठवड्यात तक्रार निवारणाच्या संकेतस्थळावर बंद करण्यात आली. शेरा असा आहे : ‘सदर बालिकेस जीवनसत्त्व अ चा डोस देण्यात आला आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ शेरा लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. ‘बालक’ आणि ‘डोळे’ हे शब्द एकत्र दिसले की त्याच्यापुढे हेच एक उत्तर तयार असावे. परंतु जिच्या दोन्ही खोबणींत डोळा म्हणावा असे काही घडलेच नाही, तिला रातांधळेपणा टाळण्याचा डोस पाजून शासन मोकळे होत असेल, तर त्या डोसाचे आणि डोळ्याचे नाते नेमके काय आहे, हे आपल्या विभागाला कोणीतरी सांगायला हवे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. समजावून सांगणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून ते काम मी करतो.

महोदय, माझ्या मुलीला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेले नव्हते. कमी पडले ते त्याचे पुढे रूपांतर करणारे एक एन्झाईम. ‘अ’ जीवनसत्त्व हा स्निग्ध वर्गातला पदार्थ आहे. गर्भात त्याचे आधी रेटिनाल होते, मग रेटिनाल्डिहाइड डिहायड्रोजिनेज या एन्झाईमच्या हातून रेटिनोइक आम्ल तयार होते, आणि डोळ्याच्या घडणीतले पुष्कळसे हुकूम हे आम्ल देते. गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्यात मेंदूच्या पुढच्या भागातून दोन बाजूंना दोन फुगे येतात. पाचव्या आठवड्यात ते आत वळून त्यांचे चषक होतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास त्या चषकांची खालची फट मिटते. हे वळणे आणि मिटणे त्या आम्लावाचून नीट होत नाही. हे आम्ल बनवणारी एन्झाईमे प्रामुख्याने तीन असून, त्यांपैकी तिसऱ्याचे जनुक, एएलडीएच१ए३, पंधराव्या गुणसूत्रावर आहे. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या, तर आईने गाजरे, पालेभाज्या, अंडी काहीही खाल्ले तरी उपयोग होत नाही. शिधा आला पण चूल पेटली नाही, अशी ती गत आहे, आणि आपला विभाग अडीच वर्षांनंतर आणखी शिधा पाठवतो आहे.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. १९३३ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात फ्रेड हेल या संशोधकाने एका डुकरिणीला ‘अ’ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवले, तेव्हा तिची अकराही पिल्ले नेत्रगोलांशिवाय जन्माला आली. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २०१३ मध्ये, नात्यात लग्ने झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून एएलडीएच१ए३ मधला दोष माणसांत सापडला. माझी पत्नी माझ्या मामाची मुलगी आहे. आपल्याकडे ही रीत किती जुनी आहे हे आपल्याला सांगायला नको; आपल्या मतदारसंघातही अशी लग्ने लागतात आणि पुढारी त्यांना अक्षता टाकायला जातात.

मुलीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत घरात काय चालले होते, तेही लिहितो. प्रसूतीनंतर बाळाच्या पापण्या उघडेनात, म्हणून परिचारिकेने त्या बोटांनी अलगद वर केल्या, आणि पुन्हा मिटवून ती काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली. गावातल्या बायकांनी पत्नीला विचारले की ग्रहणात काही चिरले होते का. आरोग्य केंद्रात विचारले की गोळ्या वेळेवर घेतल्या नव्हत्या का. दोन्ही प्रश्नांचा सूर एकच होता. तिने ग्रहणही पाळले होते आणि गोळ्याही खाल्ल्या होत्या. पुढे कितीतरी महिने ती लग्नकार्याला गेली नाही. माझी आई, म्हणजे तिची आत्या, तिच्याशी तुटक बोलू लागली. दोष दोन्ही घराण्यांतून सारखाच आला आहे, हे आईला पटवण्यासाठी मला छापील कागद दाखवावा लागला. तो कागद शासनाने द्यायचा होता.

कारण आपण आमच्या जिल्ह्यातील बालकांच्या केंद्राच्या उद्घाटनाला आला होतात, तेव्हा अशा मुलांची जनुकीय तपासणी येथेच आणि मोफत होईल, असे व्यासपीठावरून सांगितले होते. मी मंडपात मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यानंतर आम्हा तिघांचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत घेण्यात आले. पुढे कळले की तपासणी करणाऱ्या संस्थेशी करारच झालेला नाही, आणि नळ्या कुठे गेल्या हे कोणालाच सांगता आले नाही. शेवटी शिक्षक पतसंस्थेचे कर्ज काढून खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली. त्या कर्जाचे हप्ते अजून पगारातून कापले जात आहेत. प्रत्येक गरोदरपणात हाच दोष येण्याची शक्यता चारात एक आहे, हे कळायला आम्हाला कर्ज काढावे लागले. घोषणेचा फलक मात्र केंद्राच्या भिंतीवर आजही आहे, आपल्या छायाचित्रासह.

मुलीला दृष्टी द्या, अशी मागणी मी केलेली नाही. नातेवाईक मोबाईलवर जनुकोपचाराच्या बातम्या पाठवतात. आरपीई६५ या, ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच साखळीतल्या दुसऱ्या एन्झाईमच्या दोषावर २०१७ मध्ये अमेरिकेत असा उपचार मंजूर झाला आणि दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर ठरली, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलांच्या डोळ्यात दुरुस्त करण्याजोगा पडदा असतो. आमच्याकडे वेळ सातव्या आठवड्यातच संपलेली असते. मला हवे होते ते फार साधे : खोबणीत बसवायचा पारदर्शक ॲक्रिलिकचा साचा, ज्याला डॉक्टर कन्फॉर्मर म्हणतात. आत डोळा नसला की खोबणीचे हाड पुरेसे वाढत नाही आणि त्यामुळे चेहरा आकसतो. म्हणून जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांपासून असे साचे बसवून ते टप्प्याटप्प्याने मोठे करत न्यावे लागतात. हरभऱ्याएवढ्या त्या वस्तूची आमच्या जिल्ह्यात तरतूद नाही. आम्हाला ती दूरच्या शहरात मिळाली तोवर मुलगी रांगू लागली होती, आणि तिच्या डाव्या गालाकडे पाहिले की तो गेलेला काळ दिसतो.

तरतूद का नाही, याचे उत्तरही मी शोधले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्या जन्मदोषांच्या यादीत नऊ नोंदी आहेत. तीत जन्मजात मोतीबिंदू आहे, आणि तो असायलाच हवा. डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ते आपले कोलेस्टेरॉल मुख्यतः स्वतःच बनवते. त्या साखळीतले लॅनोस्टेरॉल सिंथेज हे एन्झाईम बिघडले की काही बाळे मोतीबिंदू घेऊनच जन्मतात. म्हणजे स्निग्ध पदार्थ घडवणारे एन्झाईम भिंगात बिघडले तर बाळ यादीत येते, आणि त्याआधीच बिघडून अख्खा डोळा राहून गेला तर बाळ यादीबाहेर जाते. दुर्मीळ आजारांचे २०२१ चे राष्ट्रीय धोरण पाहिले, तर त्यातले तिन्ही गट उपचार उपलब्ध असलेल्या आजारांचे आहेत. ज्यावर उपचार नाही, त्याला गट नाही, आणि ज्याला गट नाही, त्याला खर्चाचे शीर्ष नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचे प्रकरण तर मी आता हसत सांगू लागलो आहे. २०१६ च्या कायद्यात एकवीस दिव्यांगत्वे आहेत आणि अंधत्व त्यांत आहे. तरीही मुलीच्या कागदावर नोंद झाली : ‘बालिका सहकार्य करीत नसल्याने दृष्टी मोजता आली नाही.’ खोबणीत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. मोठी झाल्यावर या, असे सांगण्यात आले. मोठेपणी तिला डोळे येतील, असा प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा अंदाज असल्यास तो लेखी कळवावा.

अशी बालके राज्यात किती, असे मी माहितीच्या अधिकारात विचारले. ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’, असे उत्तर आले. वर्षाला साधारण १८ लाख जन्म आणि दहा हजारांत एक बाळ असे धरले, तरी दरवर्षी १८० घरे होतात. माझा आकडा कोणी खोटा ठरवला तर मला आनंदच होईल, कारण त्यासाठी कोणाला तरी आधी मोजावे लागेल. शासनाला मोजता येत नाही असे नाही. मी शिक्षक आहे. मतदार, शाळाबाह्य मुले, पोषण आहाराचा तांदूळ, सगळे आम्हीच मोजतो आणि सायंकाळपर्यंत माहिती भरली नाही तर नोटीस घेतो. पाच वर्षांपर्यंतचे ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोसही चोख मोजले जातात. माझी मुलगी त्या टक्केवारीत आहे. ती तुमच्या यशात जमा आहे, महोदय, कारण तिने डोस गिळला.

दोष एका कार्यालयाचा असता तर मी त्याच कार्यालयाशी भांडलो असतो. पण फलक लावायला निधी आहे, ॲप काढायला निधी आहे, उद्घाटनाच्या मंडपाला निधी आहे, आणि रकाना नसलेल्या मुलासाठी मात्र ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य आहे. खालचा वर बोट दाखवतो, वरचा केंद्राकडे, आणि केंद्र म्हणते आरोग्य हा राज्याचा विषय आहे. या गोल रांगेत आमच्यासारख्यांना उभे करून व्यवस्था वाट पाहते की आम्ही कधी थकतो.

जन्मदोषांच्या यादीत ही नोंद घ्या, साचे जिल्ह्यात द्या, करार करून तपासणी सुरू करा, आणि प्रमाणपत्रासाठी डोळे नसलेल्या बाळाला तक्ता वाचायला लावू नका. एवढेच मागणे आहे. मुलीचा पुढचा, थोडा मोठा साचा येत्या महिन्यात बसवायचा आहे. त्याचे बिल मी आपल्या कार्यालयाकडे स्पीड पोस्टाने पाठवणार आहे. ते कोणत्या कारणाने नाकारायचे, हे आपल्या लेखाशाखेने आतापासून ठरवून ठेवावे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक